कोल्ह्यासाठी गोळी निवडताना

ऑक्टोबर लागला की इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, आमच्या घरांच्या मागच्या तळ्याकाठी कोल्हा दिसू लागतो. वर्षभर तो असतोच कुठेतरी. पण पानं झडली की झुडपं विरळ होतात आणि तो उघडा पडतो. मग सगळ्यांच्या फोनवर त्याचे फोटो फिरतात. शेजारची सायली परवा सकाळी फिरताना भेटली. तिचा मुलगा सायकलवर पुढे होता.

"काका, पाहिलात का? काल आमच्या डेकखाली येऊन बसला होता. इतका गोड दिसतो यार! व्हिडिओ काढलाय, फॉरवर्ड करते तुम्हाला."

"ही वॉज लुकिंग ॲट मी," मुलगा म्हणाला.

"काकांना मराठीत सांग."

"नो."

मी हसलो आणि पुढे गेलो. पण कोल्हा खरंच समोर होता, तळ्याच्या पलीकडे, पाइनच्या बुंध्याशी. तो गोड आहे की नाही हा विचार माझ्या मनात आलाच नाही. मी अंतर मोजलं. नव्वद यार्ड. मग त्याच्या मागे काय आहे ते पाहिलं. मागे मातीचा उंचवटा नाही, घरं आहेत, एका घराच्या मागच्या दारात झोपाळा आहे. इथून गोळी झाडता येणार नाही. इतक्या वर्षांत मी बंदूक हातात धरलेली नाही, तरी कोल्हा दिसला की माझी नजर आधी त्याच्या मागे जाते.

ही सवय ऐंशीच्या दशकातल्या एका पानगळीची आहे. त्या मोसमाबद्दल लिहायला मी अनेकदा बसलो आणि उठलो. अडचण अशी की त्या दिवसांत मला काही वाटत नव्हतं. दुःख झालं असं म्हटलं तर लोकांना समजतं. काही वाटत नव्हतं म्हटलं की ते आपल्या तोंडाकडे बघत राहतात. पण खरं तेच आहे. त्या दिवसांतल्या वस्तू मात्र स्वच्छ आठवतात. पितळी काडतुसांचा थंडपणा आठवतो. बंदुकीच्या तेलाचा, थोडा केळ्यासारखा गोडसर वास आठवतो. भुईमूग काढून झालेल्या शेतांतून येणारा मातीचा वास आठवतो. तो वास अगदी जिंतूरच्या शेतांसारखा होता, आणि तो आला की मला काहीतरी व्हायला हवं होतं. ते होत नव्हतं.

मी जिंतूरचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली, गुरुजनांनी हाताला धरून अर्ज भरायला लावले, आणि नॉर्थ कॅरोलायनात कुक्कुटपालनाचं पुढचं शिक्षण मिळालं. ते संपल्यावर अर्ल नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला त्याच्या अंड्यांच्या फार्मवर कामाला ठेवून घेतलं. माझा उच्चार त्याला कळत नसे, त्याचा मला कळत नसे. तरी त्यानं घर दिलं, हिवाळ्यात जळाऊ लाकूड दिलं, मला गाडी चालवायला शिकवलं. तो मला 'प्रोफेसर' म्हणायचा. त्यात अर्धी थट्टा होती आणि अर्धा अभिमान. या देशानं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांपुढे आधी अर्लची मळकी टोपी येते.

फार्मवर पत्र्याच्या लांबलचक शेड होत्या, त्यांत हजारो पांढऱ्या कोंबड्या. पण आमच्या घरामागे एक वेगळा छोटा कळप होता, करड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जुन्या जातीच्या कोंबड्यांचा. तो अर्लच्या बायकोनं हौसेनं पाळलेला. त्या वर्षी मार्चमध्ये ती गेली आणि त्यानं तो माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या स्वाधीन केला. त्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडायच्या, संध्याकाळी खुराड्यात यायच्या.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्हाला मुलगी झाली. ती जिवंत नव्हती.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर सुनंदा स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, कोंबड्यांना दाणे टाकायची. बोलायची नाही. रडायचीही नाही. एक दिवस ताट वाढता वाढता म्हणाली, "मी दिवाळी झाली की जाते. परत यायचं माझ्यानं होणार नाही. तुम्ही राहा. तुमचं इथे चांगलं चाललंय." मी "बरं" म्हणालो. भात गरम होता, मी तो कालवला आणि खाल्ला.

त्यानंतर तिच्या तोंडून दिवसातून एक वाक्य मी हमखास ऐकायचो. संध्याकाळी खुराड्याचं दार लावून आली की ती म्हणायची, "आज एक कमी आहे." कधी, "आज दोन कमी आहेत." कोल्हा लागला होता. रात्री खुराडं बंद असायचं, म्हणून तो दिवसाढवळ्या यायला लागला. कुंपण उंच केलं, विजेची तार लावली. तो खालून उकरून आला. मला हळूहळू एकच गोष्ट दिसायला लागली. सुनंदाला इथे धरून ठेवणारं या कोंबड्यांखेरीज जगात दुसरं काही उरलेलं नाही. मी आहे, पण मी धरून ठेवू शकत नव्हतो. या कोंबड्या संपल्या की ती दिवाळीपर्यंतही थांबणार नाही. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. कोल्ह्याचा बंदोबस्त करायला हवा, एवढंच अर्लला म्हणालो.

अर्लनं वन्यजीव खात्याकडून परवानगी काढली आणि त्याची जुनी ट्वेंटी-टू माझ्या हातात दिली. ती खारी-सशांची बंदूक. गोळी बोटाच्या पेरापेक्षा लहान. दोन दिवसांनी कोल्हा कुंपणापाशी दिसला. आमच्या जिंतूरकडचा कोल्हा वेगळा असतो, राखाडी आणि उंच. हा आमच्या खोकडाच्या जातकुळीतला, तांबडा, शेपटीला पांढरं टोक. मी नेम धरला आणि झाडली. लागली. पण तो पडला नाही. मागचा पाय ओढत, अंग एका बाजूला टाकत झाडीकडे निघाला. फार वेळ दिसत राहिला. आम्ही झाडी पालथी घातली, तो सापडला नाही. सुनंदा कपडे वाळत घालत होती. तिनं सगळं पाहिलं. हातातला ओला टॉवेल तसाच बादलीत टाकून ती आत गेली.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोंबडी कमी झाली, म्हणजे कोल्हा आणखी एक होता, आणि मी अभ्यासाला बसलो. मला दुसरं काही येत नाही. जे समजत नाही त्याचं पुस्तक आणायचं आणि पेन्सिल घेऊन बसायचं, याच जोरावर मी जिंतूरहून इथवर आलो होतो.

गावात एक बंदुकीचं दुकान होतं. भिंतीवर हरणांची मुंडकी, काउंटरवर जळका वास येणारी कॉफी. दुकानदाराचं नाव व्हर्नन. मी गोळ्यांचे तक्ते मागितले तेव्हा तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "कोल्हाच मारायचाय ना? की चंद्रावर माणूस पाठवतोयस?"

"शंभर यार्डांवर," मी म्हणालो, "तो जागच्या जागी पडला पाहिजे. त्याला कळता कामा नये."

"कळता कामा नये?"

"हो."

"बाबा रे, माझं मरण आलं की तूच ये," व्हर्नन म्हणाला आणि तक्त्यांचा गठ्ठा त्यानं माझ्यापुढे सरकवला.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ते तक्ते पसरायचो. शाळेत लॉगटेबल असायचं, तसेच बारीक आकडे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, धान्याच्या दाण्यासारखं. नळीतून सुटतानाचा वेग, शंभर यार्डांवर उरलेला वेग, तिथवर जाताना गोळी किती इंच खाली येते ते. पलीकडच्या खोलीत सुनंदा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तिची बांगडी मधूनच वाजायची. मी पान उलटायचो.

साधी ट्वेंटी-टू बाद झाली होती. तिच्यापुढची हॉर्नेट. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. जाडी तीच, पण काडतूस लांब आणि आत दारू जास्त, त्यामुळे वेग दुपटीहून अधिक. त्यापुढे ट्रिपल टू, आणखी वेगवान आणि नेमाला फार सरळ. मग टू-फिफ्टी, जी तीनशे यार्डांवरही कोल्ह्याला सोडत नाही, पण तिचा आवाज म्हणजे कानाजवळ वीज पडल्यासारखा. आणि अर्लची हरणासाठीची टू-फोर्टी-थ्री. अर्लचं म्हणणं, तीच वापर.

"मोठी बंदूक असली की चुकायची भीती नाही, प्रोफेसर. कुठेही लागली तरी काम होतं."

"तुमच्या शेडमधल्या कोंबड्यांचं काय?"

"त्यांचं काय?"

"एवढा आवाज झाला तर सगळ्या एका कोपऱ्यात जाऊन एकमेकींवर चढतील. खालच्या गुदमरून मरतील. एका कोल्ह्यापायी तुमच्या शंभर जातील."

अर्लनं टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," तो म्हणाला. "पण मग तुला पगार कशाचा देतो मी!"

म्हणून हॉर्नेट ठरली. आमचं रान मोठं नव्हतं, सव्वाशे यार्डांपलीकडे कोल्हा दिसणारच नव्हता. तेवढ्याला ती पुरत होती आणि तिचा आवाज शेडच्या पत्र्याला सोसणारा होता. व्हर्ननकडे एक वापरलेली मिळाली, दुर्बीण बसवलेली. लाकडी दस्त्यावर आधीच्या मालकाच्या गालानं पडलेली एक चकचकीत जागा होती.

मग गोळीचा प्रश्न. पूर्ण तांब्याचं कवच असलेली गोळी स्वस्त असते, पण ती आरपार जाते. जनावराला बारीक भोक पडतं आणि ते तसंच पळत जाऊन कुठेतरी दोन दिवसांनी मरतं. शिवाय गोळी पुढे जात राहते. पुढे कुणाची तरी गाय असते, कुणाचं तरी अंगण असतं. दुसऱ्या प्रकारात टोकाला शिसं उघडं असतं. ती गोळी आत शिरली की फुलते, फुटते आणि तिथेच संपते. बाहेर येत नाही. दगडावर लागली तरी उडून भलतीकडे न जाता तुकडे होतात. पंचेचाळीस ग्रेनची, उघड्या टोकाची, अशी मी निवड केली. त्या रात्री दिवा मालवताना मला परीक्षेचा पेपर नीट गेल्यासारखं समाधान वाटलं. त्या महिन्यांत मला जे काही वाटलं ते एवढंच.

त्याच सुमारास रॅली शहरातून कुलकर्णी काका-काकू भेटायला आले. काका तिथे डॉक्टर होते, आमच्यासारख्या नवख्यांचे पालकच. काकूंनी सुनंदासाठी डिंकाचे लाडू आणले होते. त्या तिच्याजवळ बसून राहिल्या, तिच्या केसांना तेल लावलं. "होईल गं सगळं नीट," असं म्हणत राहिल्या. सुनंदा मान हलवत राहिली. काका मात्र कोपऱ्यातल्या बंदुकीकडे बघून खुश झाले.

"अरे वा! सरकार शिकारीला निघाले की काय? वाघ-बिघ नाही मिळाला का?"

"कोल्हा आहे काका. कोंबड्या नेतो."

"जिंतूरच्या शाळेत एनसीसीत तरी होतास का रे?"

"होतो. पण तिथे बंदुका लाकडी होत्या."

काका खूप हसले. मग हसू थांबवून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "सुनंदा कशी आहे?" मी म्हणालो, ठीक आहे. "आणि तू?" मी त्यांना हॉर्नेट आणि ट्रिपल टूमधला फरक सांगायला लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

बंदूक साधायला मी आणि अर्ल ओढ्याकाठच्या मातीच्या बांधापाशी गेलो. गवताच्या गठ्ठ्यांवर कागद लावला, शंभर यार्ड मोजले. झाडली की खांद्याला कुणी बोटांनी टिचकी मारावी एवढाच धक्का. तीन गोळ्या, मग दुर्बिणीचा स्क्रू थोडा फिरवायचा, पुन्हा तीन. शेवटच्या तीन भोकांवर एक नाणं ठेवलं तर ती झाकली जात होती. अर्लनं शीळ घातली. मी शेडमध्ये जाऊन कोंबड्या पाहून आलो. त्या निवांत दाणे टिपत होत्या. सगळं जसं असायला हवं तसं होतं, आणि घरी येऊन मी हात धुतले तर साबणानंही दारूचा वास गेला नाही.

नवरात्र आलं. घट बसवला नव्हता. घरात दिवा लागत नव्हता. पण खंडेनवमीच्या सकाळी उठलो तर स्वयंपाकघरात पाट मांडलेला. सुनंदानं न्हाऊन केस मोकळे सोडले होते. पाटावर तिची विळी, कात्री, माझी कोंबड्यांना लस टोचायची सिरिंज, अर्लचा विसरलेला पाना. आणि मधोमध बंदूक.

"रिकामी आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे."

तिनं बंदुकीला हळदकुंकू वाहिलं. दारात लावलेल्या झेंडूची दोन फुलं दस्त्यावर ठेवली, त्या चकचकीत जागेवर. हत्यारांची पूजा झाली की ती दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत, त्यांना विसावा. आमच्या घरी आई विळीसुद्धा उचलू द्यायची नाही, त्या दिवशी भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली असे. ऑगस्टनंतर सुनंदानं स्वतःहून केलेलं ते पहिलं काम होतं. मी हात जोडले.

आणि दहाच्या सुमारास कोल्हा आला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच. उन्हात, आडवा उभा, शंभर यार्डांच्या आत, मागे ओढ्याचा बांध. इतके आठवडे मी कागदावर मांडलेलं चित्र जसंच्या तसं समोर होतं. मी वळून बंदुकीकडे हात नेला.

"पूजेतली आहे ती," सुनंदा म्हणाली.

"आज नाही मारला तर उद्या आणखी नेईल."

"नेऊ दे."

"सुनंदा, तू..."

"मी ठेवलीय ती तिथे. मीच ठेवलीय. उचलू नका."

मी हात मागे घेतला. आम्ही दोघं खिडकीत उभे राहिलो. कोल्ह्यानं घाई केली नाही. एका कोंबडीला मानेला धरलं, उचललं आणि बांधावरून पलीकडे गेला. दोन पिसं हवेत राहिली, ती सावकाश खाली आली.

"कुठली होती?" मी विचारलं.

"पायात लाल रिंगवाली," सुनंदा म्हणाली आणि नैवेद्य दाखवायला वळली.

एवढ्यात अर्ल धापा टाकत दारात. "प्रोफेसर! समोर उभा होता तो! फोटो काढायला उभा राहावा तसा! तू झाडली का..." मग त्याला पाट दिसला. बंदुकीवरचं कुंकू आणि झेंडू त्यानं निरखून पाहिले. आज आमच्या हत्यारांची सुट्टी असते, असं मी सांगितलं. अर्लनं टोपी काढून हातात घेतली.

"आमच्याकडे रविवारी शिकार बंद असते," तो म्हणाला. "कोल्ह्यांना रविवार पाठ असतो. या हरामखोरानं तुमचा सणही शिकून घेतलेला दिसतोय."

सुनंदाच्या ओठांची एक कड हलली. मी ती पाहिली. हसू म्हणावं असं ते नव्हतं.

दसऱ्याला आपट्याची पानं कुठून आणणार? फार्मच्या कडेला रेडबडची झाडं होती, हृदयाच्या आकाराच्या, पिवळ्या पडलेल्या पानांची. सुनंदानं ती तोडून आणली आणि एक मला दिलं, एक अर्लला. "सोनं," ती त्याला म्हणाली, "गोल्ड." अर्लनं ते टोपीच्या पट्टीत खोचलं. चुरा होईपर्यंत ते तिथेच होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात, सकाळी धुकं उठत असताना, कोल्हा पुन्हा बांधापाशी आला. मी व्हरांड्यात पालथा पडलो होतो, बंदूक वाळूच्या पिशवीवर. मी श्वास सोडला आणि बोट दाबलं. तो खाली बसला. तक्त्यात लिहिलं होतं तसंच झालं. पाय ओढणं नाही, वळून बघणं नाही. होता, आणि मग नव्हता. मी वाट पाहिली, काहीतरी वाटेल म्हणून. गवतावरचं दव चमकत होतं. शेडमधून कोंबड्यांचा नेहमीचा कलकलाट येत होता.

मी तिथे पोचलो तेव्हा मागून सुनंदा आली. अंगावर शाल, पायांत माझे रबरी बूट. ती कोल्ह्याजवळ उकिडवी बसली. त्याच्या अंगावर कुठे जखम दिसत नव्हती, बरगडीपाशी फक्त केस ओले झालेला एक ठिपका.

"एवढंसंच?" ती म्हणाली. "आत काय होतं गोळीनं?"

मी सांगायला लागलो. गोळी आत शिरल्यावर कशी फुलते, कशी फुटते, सगळा जोर आतच कसा संपतो. आवाज पोचायच्या आधी गोळी पोचते, म्हणून त्याला बंदुकीचा आवाजसुद्धा ऐकू आला नसणार. कवचाची गोळी का नको, हलकी का हवी, मोठी बंदूक का नको. मी बोलत राहिलो. ऑगस्टनंतर मी तिच्याशी इतकं सलग कधीच बोललो नव्हतो. ती खाली मान घालून ऐकत होती. मधे थांबवून विचारत होती, "म्हणजे लगेच?" "लगेच." "दुखलं नसेल?" "दुखायला वेळच नाही मिळाला."

तिनं तो ओला ठिपका बोटानं झाकला.

"आणि आपल्या मुलीला काय झालं?" ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"नाही, खरंच विचारते. या कोल्ह्यासाठी तुम्ही महिनाभर वाचलंत. दुकानात जाऊन दहादा विचारून आलात. तिला काय झालं होतं हो? केव्हा झालं? तिला दुखलं का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी विचारलं नाही."

"मी पण नाही विचारलं," सुनंदा म्हणाली.

ऑगस्टमधल्या त्या दुपारी डॉक्टर पलंगापाशी उभे होते. तरुण होते, त्यांचा स्वतःचाच चेहरा उतरलेला होता. ते काहीतरी बोलले, त्यातलं 'आय ॲम सो सॉरी' एवढंच आमच्यापर्यंत आलं. मग त्यांनी विचारलं, "एनी क्वेश्चन्स?" आणि आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं, "नो डॉक्टर, थँक यू." थँक यू म्हणालो आम्ही. माझे वडील जिंतूरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टरसाहेब आले की उभे राहायचे. कुणा बाईनं पोराला काय झालंय म्हणून साहेबांना विचारलं तर तिला बाजूला घेऊन दटावायचे, "त्यांना कळतं, आपल्याला नाही. प्रश्न विचारायचे नाहीत." सुनंदाच्या माहेरी, सेलूतही तेच. डॉक्टरांना विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं. आम्ही त्यांचा मान राखला होता. मान राखून, रिकामे हात घेऊन घरी आलो होतो, आणि एकमेकांनाही काही विचारलं नव्हतं.

"आता विचारलं तर सांगतील का?" सुनंदा म्हणाली.

"सांगतील. इथे विचारलेलं चालतं."

"मग जाऊ या."

कोल्ह्याला बांधापलीकडे पुरलं आणि आम्ही अर्लच्या पिकअपमधून गेलो. डॉक्टरांनी आम्हाला ओळखलं. त्यांनी दार लावून घेतलं, खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले. विचारायला मी तोंड उघडलं आणि मला एकही शब्द सुचेना. सुनंदानं विचारलं. तिचं इंग्रजी तेव्हा मोडकंतोडकं होतं. तिनं एकेक शब्द ठेवत विचारलं, आणि उत्तर समजलं नाही तेव्हा "अगेन" म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. कागदावर नाळेचं चित्र काढून दाखवलं, तिला पीळ कुठे पडला होता ते. हे सुनंदाच्या चालण्या-फिरण्यानं नाही, खाण्यानं नाही, बादली उचलल्यानं नाही. मुलगी झोपेत जावं तशी गेली असणार, ते म्हणाले. सुनंदा म्हणाली, "अगेन." त्यांनी तेवढंच पुन्हा सांगितलं. मग ती रडायला लागली, मोठ्यानं, बाहेरच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. डॉक्टर उठले नाहीत. मी तिचा हात धरला होता. मला तेव्हाही काही वाटलं असं म्हणता येणार नाही. फक्त हात खूप गरम लागला.

परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची शेतं होती, बोंडं फुटलेली. दिवाळी दोन-तीन आठवड्यांवर आली होती. सुनंदा खिडकीबाहेर बघत होती, नाक ओढत होती. मग म्हणाली,

"जानेवारीत खुराड्यातलं पाणी गोठत असेल ना हो? गेल्या वर्षी अर्ल काहीतरी म्हणत होते."

माझा पाय नकळत ब्रेकवर गेला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"गोठतं," मी म्हणालो. "सकाळी उठून गरम पाणी ओतावं लागतं."

"एवढ्या थंडीत कोण उठणार?"

"मी उठेन."

"तुम्ही पाणी ओता," ती म्हणाली. "दाणे मी टाकीन."